‘हँड्सवर्थ साँग्ज’ कसा पाहावा: कृष्णवर्णीय डायस्पोराच्या प्रायोगिक चित्रपटांकडे जाणारी एक वाट

फिल्म सोसायटीत प्रायोगिक चित्रपट लागला की पहिल्या वीस मिनिटांत मागच्या रांगेतल्या दोन-तीन खुर्च्या रिकाम्या होतात. शेवटपर्यंत थांबलेल्यांपैकी कोणीतरी चहाच्या वेळी हळूच विचारतं, ‘पण गोष्ट काय होती नेमकी?’ लंडनच्या ‘ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह’ या कृष्णवर्णीय डायस्पोरातल्या, म्हणजे मायभूमीबाहेर विखुरलेल्या समाजातल्या, चित्रपटकारांच्या गटाचं काम दाखवलं की हा प्रश्न हमखास येतो. गोष्ट शोधत बसलं तर हे चित्रपट हाती लागत नाहीत. त्यांच्याकडे वेगळाच प्रश्न घेऊन जावं लागतं: पडद्यावर आत्ता जे दिसतंय ते मुळात कोणी चित्रित केलं होतं, आणि कोणासाठी? हा एवढा एकच प्रश्न धरून, बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या १९८५च्या दंगलीवरचा त्यांचा १९८६चा ‘हँड्सवर्थ साँग्ज’ हा तासाभराचा चित्रपट कसा पाहावा, गटाला कसा दाखवावा आणि तिथून पुढे कुठे जावं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. एकट्याने पाहणाऱ्यालाही पायऱ्या याच. फक्त चर्चा वहीत करायची.

सुरुवात याच चित्रपटापासून का

या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन अकोमफ्रा आज मोठमोठ्या संग्रहालयांत पोहोचले आहेत. जन्म १९५७चा, घानातल्या आक्रा शहरातला, वाढले लंडनमध्ये. २०१५च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांचं ‘व्हर्टिगो सी’ गाजलं आणि २०२४ मध्ये त्याच बिएनालेत ब्रिटनचं दालन त्यांच्याकडे होतं. त्यामुळे नवखा प्रेक्षक इंटरनेटवर ‘व्हर्टिगो सी’चे तुकडे शोधतो आणि तिथूनच सुरुवात करतो. तसं करू नका. ती शेजारी शेजारी लावलेल्या तीन मोठ्या पडद्यांची कलाकृती आहे. एका पडद्यावर देवमाशांची शिकार, दुसऱ्यावर उधाणलेला समुद्र, तिसऱ्यावर गुलामांच्या जहाजाची आठवण, आणि यांतलं काय बघायचं हे तुमच्या मानेने ठरवायचं. मोबाइलवर यातलं काहीही उरत नाही. ‘हँड्सवर्थ साँग्ज’ मात्र एका पडद्याचा आहे, मुळात टीव्हीसाठी केलेला आहे, आणि घरच्या पडद्यावरही तो शाबूत राहतो.

‘ब्लॅक ऑडिओ’ हा गट १९८२ मध्ये पोर्टस्मथच्या पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांनी उभा केला आणि मग पूर्व लंडनच्या हॅकनी भागात आला. अकोमफ्रांसोबत लीना गोपॉल, एव्हरिल जॉन्सन, रीस ऑगिस्ट, एडवर्ड जॉर्ज, डेव्हिड लॉसन आणि ट्रेव्हर मॅथिसन. त्याच वर्षी चॅनल फोर ही ब्रिटिश टीव्ही वाहिनी सुरू झाली होती आणि चित्रपट कामगारांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे अशा छोट्या, बिगरव्यापारी गटांना टीव्हीचे पैसे मिळू लागले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हा गट टीव्हीच्याच चित्रणावर बोट ठेवतो, आणि तेही टीव्हीच्याच पैशात.

पहिली पायरी: पाहण्याआधी अर्धा तास

समीक्षा वाचू नका. त्याऐवजी एका कागदावर चार-पाच साल लिहून भिंतीवर लावा. गटासाठी असेल तर मराठीत एक पान छापून खुर्च्यांवर ठेवा.

१८३३: ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करणारा कायदा. दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली ती मळेवाल्या मालकांसाठी. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच पडलं नाही. मळ्यांवर नवे मजूर हवे होते म्हणून त्यानंतर हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले गेले. त्रिनिदाद-गयानातली भारतीय आडनावं तिथून आली.

१९४८: ‘एम्पायर विंड्रश’ हे जहाज जमैकाहून प्रवासी घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं. वसाहतींतली माणसं आधीपासूनच ब्रिटिश प्रजा होती आणि याच वर्षीच्या कायद्याने ती ब्रिटनची नागरिक ठरली, म्हणजे ती कागदोपत्री परक्या देशात येतच नव्हती. तिथे लॉर्ड किचनर हा त्रिनिदादचा गायक कॅलिप्सो या कॅरिबियन गीतप्रकारात लंडनचं कौतुक गातो, ते पाथे कंपनीच्या न्यूजरीलमध्ये, म्हणजे सिनेमागृहात दाखवल्या जाणाऱ्या बातमीपटात, आहे. तेवढा तुकडा आधी शोधून पाहा.

१९७८: मार्गारेट थॅचर यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत, वेगळ्या संस्कृतीच्या लोकांमुळे आपण बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते, असं म्हटलं. पुढच्याच वर्षी त्या पंतप्रधान झाल्या.

१९८१: दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये पोलीस आणि तरुणांमध्ये मोठा संघर्ष.

१९८५: सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमचा हँड्सवर्थ भाग पेटला. लोझेल्स रोडवरच्या पोस्ट ऑफिसात दोन आशियाई भाऊ आगीत गेले. त्याच महिन्यात पुन्हा ब्रिक्स्टन, आणि ऑक्टोबरमध्ये उत्तर लंडनमधलं टॉटनहॅम.

एक खुलासा आधीच द्यावा लागतो, नाहीतर चर्चा भरकटते. त्या काळच्या ब्रिटिश चळवळीत ‘ब्लॅक’ हे राजकीय नाव होतं आणि त्यात आफ्रिकी-कॅरिबियन माणसांबरोबर भारत-पाकिस्तानातून आलेलेही स्वतःला धरत. हँड्सवर्थमध्ये जमैकन आणि पंजाबी एकाच गल्लीत राहत होते. म्हणून चित्रपटात आशियाई चेहरे दिसले तर दचकायचं कारण नाही.

दुसरी पायरी: खोली, पडदा आणि मुख्यतः स्पीकर

गटाला दाखवायचा असेल तर वितरकाला लिहून प्रदर्शनाची परवानगी घ्या. अमेरिकेत या चित्रपटाचं वितरण इकारस फिल्म्सकडे राहिलेलं आहे. पत्रव्यवहार तिथून सुरू करता येतो. चोरून उतरवलेल्या प्रतींत आवाज इतका चेपलेला असतो की अर्धा चित्रपट जातो.

खोली अंधारी हवी, पण त्याहून महत्त्वाचे स्पीकर. प्रोजेक्टरचा किंवा लॅपटॉपचा स्वतःचा आवाज वापरू नका; खालचे सूर नीट देणारे दोन साधे स्पीकर पुरतात. बर्मिंगहॅमचे आणि जमैकन हेल आपल्या कानांना अवघड जातात, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकं मिळाली तर लावा. चालू चित्रपटात कोणी उभं राहून मराठीत समजावून सांगू नये. हौशी आयोजकांना हा मोह फार होतो.

तिसरी पायरी: पहिलं पाहणं

न थांबवता, वही मिटून, सलग एक तास. सोळा मिलिमीटरवर नव्याने केलेलं रंगीत चित्रण, जुनी कृष्णधवल न्यूजरीलं, टीव्हीच्या बातम्या आणि स्थिर छायाचित्रं एकमेकांत मिसळत राहतील. निवेदन एकापेक्षा जास्त आवाजांत येईल आणि ते बातमीसारखं न वाटता पत्रासारखं किंवा कवितेसारखं वाटेल. काही दृश्यांचा अर्थ लागणार नाही. लागू नये अशीच त्यांची मांडणी आहे. निदान पहिल्या फेरीत तरी.

संपल्यावर पाच मिनिटं बोलू नका. प्रत्येकाने आठवणारी तीन दृश्यं आणि एक आवाज चिठ्ठीवर लिहावा. आवाज लिहायला सांगितलं की बहुतेकांचं पेन थबकतं. चिठ्ठ्या जपून ठेवा, पाचव्या पायरीला लागतील.

चौथी पायरी: दुसरं पाहणं, वही उघडून

खरं काम इथे आहे. याला एक अख्खी संध्याकाळ द्या. पानावर तीन रकाने आखा: चित्र कोणाचं, आवाज कोणाचा, दोन्ही एकाच काळातले आहेत का. दर काही मिनिटांनी चित्रपट थांबवा आणि रकाने भरा. सगळं भरणार नाही, हरकत नाही.

अगदी सुरुवातीला एका औद्योगिक संग्रहालयात मोठं यंत्र फिरतंय आणि एक कृष्णवर्णीय रखवालदार ते बघतो आहे. चित्र या गटाचं स्वतःचं, काळ आजचा, म्हणजे १९८६चा. पण यंत्र कोणत्या काळचं? बर्मिंगहॅम हे ब्रिटनच्या कारखानदारीचं माहेरघर. अठराव्या शतकात इथल्या बंदुका पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या मोबदल्यात दिल्या जात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्याच भट्ट्यांवर कॅरिबियन आणि पंजाबी माणसं राबली. आता ते यंत्र जपून ठेवण्याची वस्तू झालंय आणि त्याची राखण त्याच माणसांपैकी एकाकडे आहे. चित्रपट यातलं काही सांगत नाही. आपणच तिसऱ्या रकान्यात लिहायचं.

पुढे बातमीसाठी घेतलेला एक तुकडा येतो: केसांच्या जटा असलेला एक तरुण ढालवाल्या पोलिसांच्या रांगेतून जिवाच्या आकांताने धावतो, हुकवत राहतो आणि शेवटी खाली दाबला जातो. इथे हमखास थांबा आणि विचारा, कॅमेरा कुठे उभा आहे? मग बाकीच्या बातम्यांचे तुकडेही तसेच तपासा. कॅमेरा पोलिसांच्या पाठीशी असेल तर येणारा दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. समोरून असेल तर अंगावर येते ती ढाल. घटना एकच, पण भीती कोणाची वाटायची हे कॅमेऱ्याच्या जागेने ठरतं. हे एकदा लक्षात आलं की घरच्या टीव्हीवरची बातमीही प्रेक्षक वेगळ्या डोळ्यांनी बघू लागतात, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाची कमाई तीच.

जुन्या न्यूजरीलांकडे विशेष लक्ष द्या. ज्यांनी सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं पाहिली आहेत, त्यांना तो सर्वज्ञ निवेदक चटकन ओळखू येईल: धरण असो, पूर असो की पाहुणे पंतप्रधान, सूर एकच, खात्रीचा आणि थोडा वडीलधारा. ब्रिटिश न्यूजरीलमधला निवेदक वसाहतींतून आलेल्या माणसांबद्दल असाच बोलतो. ती माणसं चित्रात हसतात, टोप्या सावरतात, सामान उचलतात, पण त्यांच्याबद्दल बोलतो तो दुसराच. कलेक्टिव्ह काय करतं, तर अशा चित्रांवरचा मूळ आवाज कधी काढून टाकतं, कधी तसाच ठेवून त्याच्याखाली भलताच ध्वनी वाजवतं. जुनं चित्रण इथे पुरावा म्हणून येत नाही, साक्षीदार म्हणून येतं, आणि त्याची उलटतपासणी होते.

छायाचित्रांचा भाग सर्वांत सुंदर. काळोख्या जागेत वाढवलेले जुने फोटो टांगलेले आहेत आणि कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो. फोटोवरून नुसता कॅमेरा सरकवला असता तरी माहिती तीच मिळाली असती. पण टांगल्यामुळे फोटोला मागची बाजू येते, फोटोंमध्ये अंतर येतं, आणि बघणारा अल्बमच्या बाहेर न राहता त्यांच्यातून चालू लागतो. पहिल्या रकान्यात इथे दोन नावं लिहावी लागतील: मूळ फोटो काढणारा आणि तो टांगणारा.

आणि ते प्रसिद्ध वाक्य. बातमीदार दंगलीमागची गोष्ट शोधत आला असताना एक स्त्री त्याला सांगते, दंगलीत गोष्टी नसतात, असतात ती फक्त दुसऱ्या गोष्टींची भुतं. चित्रपटाची किल्ली म्हणून हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं आणि त्यामुळे जरा गुळगुळीत झालंय. तुम्ही एवढंच करा: ते ऐकल्यानंतर येणारी पुढची दोन-तीन दृश्यं कोणत्या वर्षांची आहेत ते लिहा. भूत म्हणजे काय, ते तारखांतूनच कळतं.

पाचवी पायरी: डोळे मिटून

आता कुठलीही दहा मिनिटं निवडा, पडदा झाका आणि फक्त ऐका. गटाच्या नावात ‘ऑडिओ’ उगाच नाही. ट्रेव्हर मॅथिसन यांनी टेप कापून, फिरवून, गती बदलून जो ध्वनी रचला, तो या चित्रपटाचा कणा आहे.

यात एक जागा नीट पकडा. ‘जेरुसलेम’ हे इंग्लंडचं जवळजवळ दुसरं राष्ट्रगीत: शब्द विल्यम ब्लेकचे, चाल १९१६ साली ह्युबर्ट पॅरींनी दिलेली, शाळांत, चर्चमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर गायलं जाणारं. मूळ गाणं आधी एकदा ऐकवा. मग चित्रपटात मार्क स्टुअर्ट आणि माफिया यांनी केलेलं त्याचं रूप ऐका: चाल ओळखू येते, पण खालून जमैकन डबचा खर्ज येतो आणि गाणं आतून पोखरल्यासारखं वाटतं.

डब हे १९७०च्या दशकातल्या जमैकाचं तंत्र. किंग्स्टनमधले किंग टबीसारखे ध्वनितंत्रज्ञ तयार गाणं घेत, त्यातला गायक काढून टाकत, ढोल आणि बास पुढे आणत आणि उरलेल्या शब्दांच्या तुकड्यांना प्रतिध्वनीत सोडून देत. हा चित्रपट न्यूजरीलबरोबर तेच करतो. निवेदकाला काढायचं, मागे दबलेलं पुढे आणायचं, एखादा शब्द घुमत ठेवायचा. युरोपातल्या प्रायोगिक चित्रपटाच्या परंपरेचा हवाला देऊन याचं संकलन समजावलं जातं, ते चूक नाही. पण रेकॉर्ड वाजवणारी जमैकन पोरं ही गोष्ट आधी ओळखतील.

आता त्या जुन्या चिठ्ठ्या काढा आणि पहिल्या दिवशी कोणाला कोणता आवाज आठवला होता ते वाचा.

सहावी पायरी: भांडण वाचा

समीक्षा वाचायची वेळ आता आली. १९८७च्या जानेवारीत ‘गार्डियन’मध्ये सलमान रश्दींनी या चित्रपटावर कडक टीका केली. मुंबईत जन्मलेल्या रश्दींचं म्हणणं थोडक्यात असं, की हँड्सवर्थमधल्या माणसांच्या गोष्टी, त्यांचे आवाज ऐकू यायला हवे होते. त्यांच्या जागी ठरावीक अभ्यासू भाषा ऐकू येते. काही दिवसांतच त्याच वर्तमानपत्रात स्टुअर्ट हॉल यांनी उत्तर दिलं. जमैकात जन्मलेले, बर्मिंगहॅम विद्यापीठात संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र घडवणारे हॉल म्हणाले की जुनी भाषा अपुरी पडते म्हणूनच हे लोक नवी भाषा शोधताहेत, आणि ती धडपड रश्दींनी ओळखली नाही. रश्दींचा लेख त्यांच्या १९९१च्या ‘इमॅजिनरी होमलँड्स’ या निबंधसंग्रहात आहे, मिळवणं सोपं आहे.

गटाचे दोन भाग करा आणि एकेक बाजू मांडायला द्या, पण प्रत्येक मुद्द्यासाठी वहीतलं दृश्य दाखवण्याची अट घाला. माझा कल हॉल यांच्याकडे आहे. तरी रश्दींचा प्रश्न मोडीत काढता येत नाही: टांगलेल्या फोटोंतल्या किती माणसांना आपण बोलताना ऐकलं? उत्तर देणाऱ्याने दुसरा रकाना वाचून दाखवावा. १९८७ मध्येच या चित्रपटाला माहितीपटासाठीचा ग्रिअरसन पुरस्कारही मिळाला, म्हणजे ब्रिटिश माहितीपटाचा पाया घालणाऱ्याच्या नावाचा पुरस्कार त्या परंपरेची उलटतपासणी घेणाऱ्यांना. हे वाद सुरू करायला उत्तम निमित्त आहे.

चर्चा चालवणाऱ्यासाठी एक सूचना. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी ‘आपल्याकडेही असंच आहे’ म्हणून गाडी इथल्या दंगलींवर नेतो. तो मुद्दा फळ्यावर लिहून ठेवा आणि शेवटी घ्या. कोणी जंजिऱ्याचे सिद्दी किंवा मलिक अंबर यांचं नाव काढेल, तर तो धागा खरा आहे, आफ्रिकी डायस्पोराचाच आहे. इथिओपियात जन्मून, हातोहात विकला जाऊन दख्खनेत आलेला माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि १६२६ मध्ये वारला. पण दख्खनेतल्या लष्करी गुलामीत सत्तेची वाट होती. अटलांटिकपलीकडच्या उसाच्या मळ्यात ती नव्हती. दोन्ही इतिहास एका पोत्यात घालू नयेत.

सातवी पायरी: पुढचे चित्रपट

आधी मागे जा. कलेक्टिव्हचं पहिलं काम, १९८३चं ‘साइन्स ऑफ एम्पायर’, स्लाइड आणि टेपवरचं आहे: साम्राज्याचे पुतळे, स्मारकं, वर उमटणारे शब्द, आणि पुन्हा पुन्हा घुमणारा राजकारण्याचा आवाज. पैसे नसताना काय करता येतं याचा तो धडा आहे, आणि ज्यांना स्वतः काही करून बघायचंय त्यांनी इथूनच उचल घ्यावी. घरातले जुने फोटो, एक रेकॉर्डर आणि एखादं फुकट संकलन ॲप पुरतं. फक्त प्रत्येक फोटोसाठी तेच तीन रकाने आधी भरा.

मग सांकोफा या दुसऱ्या गटाचे दोन छोटे चित्रपट. आयझॅक ज्युलियन यांचा ‘टेरिटरीज’ (१९८४) लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या कार्निव्हलबद्दल आहे. मार्टिना अटिल यांचा ‘ड्रीमिंग रिव्हर्स’ (१९८८) एका कॅरिबियन आईच्या मृत्यूभोवती जमलेल्या मुलांचा. हा दुसरा मला अधिक आवडतो, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो. रीस ऑगिस्ट यांच्या ‘ट्वायलाइट सिटी’त (१९८९) मुलगी डॉमिनिकातल्या आईला लंडनहून पत्र लिहिते. अकोमफ्रांचा ‘टेस्टामेंट’ (१९८८) घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांची सत्ता उलथल्यानंतर देश सोडलेल्या पत्रकार स्त्रीला परत घानात नेतो. त्यांचाच ‘द नाइन म्युझेस’ (२०१०) सवडीने पाहा. त्यातल्या बर्फात दिसणाऱ्या रंगीत कोटवाल्या आकृत्यांना घाई चालत नाही.

ब्रिटनबाहेर पडायचं तर मॉरिटेनियात जन्मलेल्या मेड होंडो यांचा पॅरिसमधला ‘सोलेय ओ’ (१९७०), रागीट आणि विनोदी दोन्ही. आणि मती दिओप यांचा ‘डाहोमे’, २०२४चा बर्लिन चित्रपट महोत्सवाचा गोल्डन बेअर विजेता. फ्रेंच फौजांनी १८९२ मध्ये डाहोमे राज्यातून, म्हणजे आजच्या बेनिनमधून, लुटलेल्या वस्तूंपैकी २६ वस्तू २०२१ मध्ये पॅरिसहून बेनिनला परत आल्या. त्यांतली सव्वीस क्रमांकाची वस्तू ‘फोन’ या तिथल्या भाषेत स्वतः बोलते. इथे दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं यावर गटात वाद होईल, होऊ द्या. त्याच चित्रपटात आबोमे-कालावी विद्यापीठातले विद्यार्थी भांडतात: हजारोंतून फक्त सव्वीस, हा सन्मान की अपमान? तेवढा प्रसंग पुन्हा लावा आणि तुमच्या गटाला त्याच विषयावर बोलायला सांगा. या वेळी चर्चा चालवणाऱ्याने गप्प बसावं.